बाटली राहू द्या, लेबल उतरवा

कोंबुचा पिणारे आणि कोंबुचाला हसणारे यांचं भांडण मी बरेच दिवस ऐकतो आहे, आणि आता दोन्ही बाजूंचा सारखाच कंटाळा येऊ लागला आहे. पहिला म्हणतो, रोज एक ग्लास घ्यायला लागल्यापासून पोट हलकं, झोप गाढ, चेहऱ्यावर तेज. दुसरा म्हणतो, आंबलेला गोड चहा तो, फेस आणून विकला की शहाणीसुरती माणसंही फसतात. मग पहिला एका संशोधनाचा दाखला देतो, दुसरा दुसऱ्या. दोघांनाही शास्त्र आपल्याच बाजूला उभं दिसतं, आणि ज्या मुद्द्यावर खरंच काही ठरवायला हवं तो तसाच राहतो. साप केव्हाच निसटला आहे, दोघं मिळून भुई धोपटताहेत.

साप म्हणजे बाटलीवरचे दोन शब्द: ‘गट हेल्थ’. कोंबुचा हे एक पेय आहे. आंबट, किंचित गोड, नाकाला झोंबणारं. मला ते आवडतं; घरी बरणीही लावतो. (पहिली बरणी बुरशी येऊन फुकट गेली, दुसरीपासून जमलं.) पेय म्हणून त्याच्यावर कुणी खटला भरायचं कारण नाही. पण ‘आतड्याच्या आरोग्यासाठी’ असं लिहिलं की ते पेय राहत नाही, ते आश्वासन होतं, आणि आश्वासनाला पुरावा मागता येतो. माझं म्हणणं सरळ आहे. कोणता जिवाणू, किती मात्रेत, कुणाला, कोणता फायदा देतो हे सांगता येत असेल तर तेवढंच बाटलीवर लिहावं. सांगता येत नसेल तर चव लिहावी, साखर लिहावी, आणि ‘गट हेल्थ’ हे शब्द उतरवावेत. कोंबुचालाच नाही, इन्युलिन हा तंतू घातलेल्या ‘प्रीबायोटिक’ सोड्यांना आणि जिवाणू मिसळलेल्या तमाम फेसाळ पेयांना हाच न्याय लागू व्हावा.

आधी बरणीत काय घडतं ते पाहू, कारण पुढचा निम्मा वाद तिथेच सुटतो. साखर घातलेल्या चहात जिवाणू आणि यीस्ट यांची एक जाडसर, लिबलिबीत चकती सोडतात. तिला स्कोबी म्हणतात. यीस्ट साखर फोडून तिच्यापासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. अ‍ॅसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू त्या मद्यार्काचं आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, आणि जाता जाता सेल्युलोज विणून ती चकती वाढवत राहतात. एक-दोन आठवड्यांत चहाचा पीएच ३च्या आसपास उतरतो. पेय आंबट होतं, थोडा फेस येतो, बरीच साखर संपते, पण सगळी संपत नाही. नावाचाही गोंधळच आहे. जपानीत ‘कोंबुचा’ म्हणजे कोंबू या समुद्री शेवाळाचा चहा. आपण ज्याला कोंबुचा म्हणतो त्याला जपानी लोक ‘कोचा किनोको’ म्हणतात, म्हणजे काळ्या चहातलं मशरूम. आणि त्यात मशरूमही नसतं. ज्या पेयाला दोन्ही नावं चुकीची मिळाली, त्याच्या गुणांबद्दल लोक अचूक बोलतील अशी अपेक्षा तरी कशी करावी?

आता समोरच्या बाजूचं जे सगळ्यात भक्कम आहे ते मान्य करतो. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सेल’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट केले. एका गटानं १० आठवडे तंतुमय पदार्थ वाढवले, दुसऱ्यानं आंबवलेले. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. तंतुमय गटात वैविध्य तसं वाढलं नाही. त्या आंबवलेल्या पदार्थांच्या यादीत कोंबुचाही होता. ‘याला काहीच पुरावा नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा शांतपणे वाचावा. पुढे २०२३ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या १२ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. चार आठवडे रोज कोंबुचा घेतल्यावर त्यांची उपाशीपोटीची रक्तशर्करा सरासरी १६४ वरून ११६वर आली. मध्ये खंड ठेवून त्याच माणसांना कोंबुचासारखंच दिसणारं दुसरं पेय दिलं, तेव्हा तसा फरक दिसला नाही. तिसरी गोष्ट, आणि व्यवहारात हीच सगळ्यात वजनदार: कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. बऱ्याच कोंबुचांत ती याच्या निम्म्याहूनही कमी असते, प्रीबायोटिक सोड्यांत तर अनेकदा पाच ग्रॅमच्या आत. रोज दोन कॅन कोला पिणारा माणूस यांच्याकडे वळला तर त्याचं भलंच झालं.

हे सगळं खरं धरूनही बाटलीवरचे ते दोन शब्द सिद्ध होत नाहीत. का?

स्टॅनफर्डच्या प्रयोगात माणसं एक बाटली पीत नव्हती. दिवसाला सरासरी सहा वाढपं, तीही वेगवेगळ्या पदार्थांची: दही, केफिर हे आंबवलेल्या दुधाचं पेय, आंबवलेल्या भाज्या, त्यांचं पाणी, आणि सोबत कोंबुचा. श्रेय कुणाचं? दह्याचं, भाज्यांचं, की ते खाताना जे खाणं सुटलं त्याचं? प्रयोग याचं उत्तर देत नाही आणि देतो असं संशोधकांनी म्हटलेलंही नाही. शिवाय आतड्यात जे नवे जिवाणू दिसले, त्यातले बहुतेक खाल्लेल्या पदार्थांतून आलेले नव्हते. म्हणजे ‘बाटलीतले चांगले जिवाणू आतड्यात जाऊन राहतात’ ही जी गोष्ट लेबलवरचं चित्र सांगतं, तिला या प्रयोगाचा आधार नाहीच. उलट आत काही वेगळंच, अजून नीट न कळलेलं घडत असावं असं तो सुचवतो. सांघिक खेळात जिंकलेली ढाल एका खेळाडूनं घरी नेऊन दिवाणखान्यात लावावी, तसा हा प्रयोग एकेका पेयाच्या जाहिरातीत लावला जातो. मधुमेहाच्या प्रयोगाचं तर आणखी मजेशीर आहे. तो रक्तातल्या साखरेबद्दल आहे, आतड्याच्या तक्रारींबद्दल नाही. संशोधकांनी स्वतः त्याला प्राथमिक चाचणी म्हटलं. पण वाद घालणाऱ्याला ‘कोंबुचावर संशोधन झालंय’ एवढं वाक्य पुरतं.

साखरेचा मुद्दा मी वर मान्य केला, तर त्याचं पुरतं माप घेऊ. कोला सोडून कोंबुचा धरला आणि तब्येत सुधारली, तर ते श्रेय गेलेल्या साखरेचं आहे, आलेल्या जिवाणूंचं नाही. साध्या पाण्यानं ते काम आणखी स्वस्तात केलं असतं. ‘साखर कमी’ असं लेबल लावायला माझी काडीचीही हरकत नाही. ते मोजता येतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण ‘गट हेल्थ’ हे शब्द कोला पिणाऱ्याला बोलावत नाहीत. त्याला आरोग्याची एवढी फिकीर असती तर तो कोलावर राहिलाच नसता. ते शब्द बोलावतात आधीच जपून खाणाऱ्या, पाणी आणि बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसाला. त्याच्या बाबतीत साखर कमी होत नाही, वाढते. मग बदलीचा हिशेब उलटा लागतो, आणि तो मांडायला कुणी येत नाही.

आता मूळ शब्दाकडे. ‘प्रोबायोटिक’ म्हणजे काय, हे २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवून दिलं: पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाला आरोग्याचा लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातला एकेक शब्द म्हणजे एकेक अट आहे. जिवंत हवेत, पुरेसे हवेत, लाभ दिसायला हवा. कोंबुचाचे मुख्य रहिवासी, ते अ‍ॅसेटिक आम्लवाले जिवाणू, ऑक्सिजनवर जगतात; म्हणून तर ती चकती बरणीत वरच्या थराला, हवेच्या बाजूला वाढते. मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. आयत्या बिळावर नागोबा होणं सोपं असतं, पण बिळात श्वासच घेता येत नसेल तर नागोबा तिथे राहील किती दिवस? संख्येचंही बघा. २०१६ मधल्या एका काटेकोर अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. बाटलीत १०० कोटी जिवंत जिवाणू आहेत असं धरलं, तरी ते ३८ हजारात एक झाले. दर्यात खसखस.

इथे स्वतःलाच थोडं अडवायला हवं. संख्येचा हा युक्तिवाद ऐकायला झकास आहे, पण तो निर्णायक नाही. रोगजंतू तर याहून कितीतरी कमी संख्येत येऊन माणसाला आडवं करतात. लहान आतड्यात मूळची वस्ती विरळ असते, तिथे पाहुण्यांचा प्रभाव पडू शकतो. जिवाणू मुक्कामाला न राहता जाता जाताही काम करून जाऊ शकतात, आणि जिवाणू मेले तरी त्यांनी बनवलेली आम्लं उरतातच. म्हणून ‘असं होऊच शकत नाही’ हे मी म्हणत नाही. होऊ शकतं आणि होतं यांत एका प्रयोगाचं अंतर असतं, आणि ते अंतर लेबल छापणाऱ्यानं चालून यायचं असतं, विकत घेणाऱ्यानं नव्हे. त्यातून अनेक बाटल्या टिकाव्यात म्हणून पाश्चरीकरण करून भरलेल्या असतात, म्हणजे पहिलीच अट संपली. काही कंपन्या मग बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्ससारखा, उष्णता सोसणारे बीजाणू बनवणारा जिवाणू वरून घालतात. घालू देत. पण मग जो काही गुण येईल तो त्या घातलेल्या जिवाणूचा. तो फळांच्या रसात घातला असता तरी आलाच असता. कोंबुचाच्या नावानं त्याची वरात कशाला?

प्रीबायोटिक सोड्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा हिशेब जास्त सरळ लागतो. यांत जिवाणू नसतात, त्यांचं खाद्य असतं. बहुधा इन्युलिन, म्हणजे चिकोरीच्या किंवा अगाव्हेच्या मुळा-खोडांतून काढलेला तंतू. चिकोरीच्या इन्युलिनबद्दल युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये एक दावा मान्यही केला: शौचाची वारंवारिता वाढून आतड्याचं काम सुरळीत राहायला मदत होते. मात्रा? दिवसाला १२ ग्रॅम. आणि अमेरिकेतल्या ‘पॉपी’ या गाजलेल्या सोड्याच्या कॅनमध्ये किती इन्युलिन होतं? दोन ग्रॅम. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्याकडे पोरंसोरंही जाणतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात याच मुद्द्यावर त्या कंपनीवर दावा दाखल झाला. कंपनीनं आरोप नाकारले, आणि २०२५ मध्ये ८९ लाख डॉलरची तडजोड झाली. काही सोड्यांत तंतू याहून बराच जास्त असतो हे खरं. पण तिथे दुसरी अडचण येते: ज्यांचं आतडं आधीच संवेदनशील आहे, ज्यांना वारंवार गॅस आणि फुगारा होतो, त्यांना इन्युलिननं त्रास वाढू शकतो. म्हणजे ‘गट हेल्थ’ वाचून जो सगळ्यात आधी हात पुढे करणार, त्यालाच तो कॅन सोसणार नाही अशी शक्यता बरीच. आणि प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यावेत हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला समोर ठेवला, तर फळं, भाज्या, डाळी, कोंड्यासकट धान्य सोडून तंतूसाठी कॅन फोडणं हा जरा द्राविडी प्राणायाम आहे.

फेसाळ पाण्याला औषध म्हणायची ही काही पहिली वेळ नव्हे. फेसाळ पाणी जन्मालाच औषध म्हणून आलं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली १७६७ मध्ये लीड्समध्ये एका मद्यभट्टीच्या शेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर तरंगणारी जड हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जिला तेव्हा ‘स्थिर हवा’ म्हणत, ती पाण्यात कशी मुरवायची हे त्यानं शोधून काढलं आणि १७७२ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. हेतू? खलाशांचा स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणारा रोग, बरा करणं. तेव्हाची समजूत अशी की स्कर्व्ही म्हणजे शरीराचं आतल्या आत सडणं, आणि स्थिर हवेनं मांस सडायचं थांबतं. मग पोटात दिली तर शरीर सडायचं थांबेल. तर्क साखळीसारखा होता, कडीला कडी जुळलेली. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर ही कृती पाठवली गेली. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीनं प्रिस्टलीला आपलं मानाचं कॉप्ली पदक दिलं. स्कर्व्हीवर त्या पाण्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

आणि याच्या २५ वर्षं आधी, १७४७ मध्ये, जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरनं ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्हीचे १२ रुग्ण घेऊन त्यांच्या सहा जोड्या केल्या होत्या. एका जोडीला सायडर, एकीला सौम्य गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला मसाल्याचा लगदा, आणि एकीला संत्री व लिंबू. लिंबूवाले आठवड्याच्या आत उठून बसले. गंमत अशी की आंबट वस्तू त्यात बऱ्याच होत्या. आंबटपणानंच काम होत असतं तर व्हिनेगर आणि गंधकाम्लानंही गुण यायला हवा होता. काम करत होता फळातला एक विशिष्ट घटक. त्याला क जीवनसत्त्व हे नाव मिळायला आणखी दीडशेहून अधिक वर्षं जायची होती. ‘१२ माणसांवरचा प्रयोग म्हणजे काय प्रयोग झाला’ असं नाक मुरडणाऱ्यांना मी लिंडचं नाव सांगतो. १२ माणसांत सत्य सापडू शकतं, फक्त वस्तू शेजारी शेजारी ठेवून तपासाव्या लागतात. आणि ‘आंबवलेलं ते सगळं चांगलं’ म्हणणाऱ्यांनाही मी लिंडचंच नाव सांगतो: व्हिनेगरवाली जोडी आठवा. ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सरसकट द्यायला घेतला १७९५ मध्ये. मधली ४८ वर्षं लोक जास्त रुबाबदार सिद्धान्तांच्या मागे होते.

प्रिस्टलीच्या पाण्याचं पुढे काय झालं? औषध म्हणून हरलं, पेय म्हणून जग जिंकलं. याकोब श्वेप यानं १७८० च्या दशकात जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला, आणि आज सोड्याचा ग्लास उचलताना कुणाला स्कर्व्ही आठवत नाही. पुढची शंभर-दीडशे वर्षं हेच नाटक पुन्हा पुन्हा झालं. कोका-कोला १८८६ मध्ये अटलांटात डोकेदुखी आणि नसांच्या थकव्यावरचं टॉनिक म्हणून आलं. एका औषधविक्रेत्यानं बनवलेल्या पेयाला १८९८ मध्ये ‘पेप्सी-कोला’ नाव मिळालं ते ‘डिस्पेप्सिया’ या शब्दावरून, म्हणजे अपचनावरून. सेव्हन अपमध्ये १९२९ पासून बरीच वर्षं लिथियम होतं, मनःस्थितीवर वापरतात तेच. एकेक दावा गळून पडला. पेयं राहिली, आणि दावे गेल्यावर आणखी फोफावली. आणि २०२५ मध्ये पेप्सिको कंपनीनं १९५ कोटी डॉलर मोजून कुणाला विकत घेतलं? वर ज्याचा उल्लेख आला त्याच ‘पॉपी’ सोड्याला. अपचनावरून नाव घेतलेली कंपनी सव्वाशे वर्षांनी पुन्हा पोटावर आली. त्याच वर्षी कोका-कोलानंही आपला प्रीबायोटिक सोडा बाजारात आणला. पी हळद अन् हो गोरी; हळद तेवढी बदलते.

जिवाणूंच्या बाजूचा इतिहास याहून बोलका आहे, कारण त्याचा नायक भोंदू नव्हता. एली मेचनिकॉफ हा पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला थोर शास्त्रज्ञ. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला पाउल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळालं. त्यानं असं मांडलं की मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू विष बनवतात आणि त्यानं माणूस म्हातारा होतो. त्यावर उपाय म्हणून आंबट दुधातले जिवाणू पोटात घालावेत. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात आणि दीर्घायुषी असतात, हा त्याचा आधार. पॅरिस-लंडनमध्ये आंबट दुधाची लाट आली, जिवाणूंच्या गोळ्या निघाल्या. लंडनमधला आर्बथनॉट लेन नावाचा नामांकित शल्यविशारद तर या ‘आतड्यातल्या विषा’च्या कल्पनेवर इतका विसंबला की बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडीच कापून काढू लागला. मेचनिकॉफ स्वतः नेमानं आंबट दूध पीत असे. १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेला. १९२० च्या दशकापर्यंत तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही हेही दिसून आलं.

मेचनिकॉफ चुकला म्हणून मी त्याला हसत नाही. आतड्यातले जिवाणू आपल्या प्रकृतीत भाग घेतात हा त्याचा अंदाज शंभर वर्षांनी खरा ठरला, आणि तो फार मोठा अंदाज होता. घोटाळा झाला तो अंदाज आणि गोळी यांच्या मधल्या जागेत. आजही अगदी तेच चाललं आहे. मायक्रोबायोमचं, म्हणजे शरीरातल्या सूक्ष्मजीवांच्या वस्तीचं, संशोधन खरं आहे, रोमांचक आहे. आणि त्याच्या सावलीत उभं राहून जो तो आपली बाटली विकतो आहे. एखादं शास्त्र तरुण असणं आणि एखादं उत्पादन सिद्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘समजा नाही झाला फायदा, तर बिघडलं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक निरोगी माणसांचं काहीच बिघडत नाही, हे मान्य. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवामध्ये कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातलं आम्ल धोकादायक वाढलं आणि एक दगावली; त्या घटनेचा धाक अजून दाखवला जातो. पण कारण कोंबुचाच होतं हे सिद्ध झालं नव्हतं, आणि विरोधकांनी त्याचं बुजगावणं करणं मला पटत नाही. पीएच ३ चं पेय दिवसभर घोटघोट घेतलं तर दातांचं इनॅमल झिजतं, हा जास्त साधा आणि जास्त खरा धोका. बाटलीत आंबणं चालूच राहून मद्यार्क ०.५ टक्क्याच्या वर जाऊ शकतो. २०१० मध्ये याच कारणानं अमेरिकेतल्या दुकानांनी काही काळ कोंबुचा फडताळावरून उतरवला होता. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी घरच्या बरणीपासून लांबच राहावं. पण खरं नुकसान वेगळंच आहे. महिनोन्महिने पोट बिघडलेल्या माणसाला सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा विकार) असू शकतो, आतड्याचा दाह असू शकतो, शौचातून रक्त जात असेल तर त्याहून वाईट काही असू शकतं. ‘गट हेल्थ’ हा इतका ऐसपैस शब्द आहे की या सगळ्यांवर तो पांघरूण घालतो. ‘तोंडाला चव येते’ असं लिहिलेल्या बाटलीवर विसंबून कुणी तपासणी लांबणीवर टाकत नाही.

राहिला नियमांचा मुद्दा, आणि तो उत्पादकांचा सगळ्यात प्रामाणिक मुद्दा आहे. ते म्हणतात, अन्नाला औषधासारखा पुरावा मागणं अन्याय्य आहे. एवढ्या मोठ्या चाचण्या छोट्या उत्पादकाला परवडतील का? बरोबर आहे. पण पुरावा अन्नाला कुणी मागतच नाही. सफरचंद विकायला चाचणी लागत नाही. सफरचंदानं दमा जातो असं छापायला लागते. ओझं दाव्याचं आहे, आणि दावा स्वखुशीनं उचललेला आहे. दावा करायचाही आणि ‘आम्ही रोग बरा करतो असं कुठे म्हटलं’ असंही म्हणायचं, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. कडक नियमांमुळे दार कायमचं बंद होतं हेही खरं नाही. युरोपात प्रोबायोटिकचे शेकडो दावे फेटाळले गेले, पण लॅक्टोज ही दुधातली साखर न पचणाऱ्यांना दह्यातले जिवंत जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात, हा दावा मान्य झाला. अट एवढीच की ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. बघा, किती नेमकं: कोण, काय, किती, कुणासाठी. मात्र युरोपात ‘प्रोबायोटिक’ हा नुसता शब्दही आरोग्याचा दावा मानतात, ते मला अतिरेकी वाटतं. इटली आणि स्पेननं त्यात सूट दिली ती ठीकच केली. शब्द वापरू द्या, शेजारी जिवाणूचं पूर्ण नाव आणि विक्रीच्या मुदतीअखेरची जिवंत संख्या छापायला लावा.

आणि हसणाऱ्यांनो, तुमचंही थोडं. ‘पोटातलं आम्ल सगळे जिवाणू मारून टाकतं’ हे वाक्य सोडा; सगळे मरत नाहीत, बीजाणू तर आरामात पार होतात. ‘प्रोबायोटिक म्हणजे थोतांड’ हेही सोडा. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करायचं टाळलं हे खरं, पण अकाली जन्मलेली बाळं किंवा प्रतिजैविकांसोबत होणारा एक विशिष्ट आतड्याचा संसर्ग टाळणं, अशा मोजक्या ठिकाणी ठरावीक जिवाणूंना हो म्हटलं. उलट २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना असं दिसलं की प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परत यायला उलट उशीर लागला. म्हणजे या जिवाणूंचा परिणाम होतो. कधी हवा तसा, कधी नको तसा. ज्याचा परिणाम होतो त्याच्यावर मोघम शब्दाचं लेबल लावणं जास्त बेजबाबदारपणाचं, की ज्याचा काहीच परिणाम होत नाही त्याच्यावर? थोतांडवाल्यांनी याचं उत्तर दिलं तर त्यांचाच मुद्दा धारदार होईल. आणि कुणाला कोंबुचा आवडतो म्हणून त्याला बावळट ठरवणं हा तर युक्तिवादच नव्हे.

मला कुणी लेबल लिहायला सांगितलं तर ते असं होईल: आंबवलेला चहा. १०० मिलिलिटरमध्ये साखर इतके ग्रॅम. मद्यार्क इतका टक्के. पाश्चरीकरण केलेलं आहे किंवा नाही. जिवाणू घातले असतील तर नाव आणि संख्या. थंड करून प्या, हलवू नका. एवढ्यात बाटली विकली जाणार नाही असं कुणा विक्रेत्याला वाटत असेल, तर त्याला स्वतःच्या पेयाच्या चवीवर भरवसा नाही, इतकंच मी समजेन. माझ्या ओट्यावरच्या बरणीवर मी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर फक्त बरणी लावल्याची तारीख लिहितो. सध्याच्या बरणीला नववा दिवस आहे; उद्या चमचाभर चाखून बघेन, अजून गोड लागली तर दोन दिवस ठेवेन.